कलम नऊ : गरम हवेची दिशा

प्रति,
मा. उपअभियंता (इमारत परवानगी),
नगर बांधकाम कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार.

विषय : एसीचे बाहेरचे युनिट सामाईक बोळात बसवण्यासाठी केलेल्या माझ्या अर्जात ऐनवेळी बदल करणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दिनांक २ एप्रिल.
२) आपले पत्र, दिनांक ११ एप्रिल (समोरील घरमालकाचे ना हरकत पत्र जोडण्याविषयी).
३) माझे गेल्या तीन वर्षांतले सात तक्रार अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

वरील विषयास अनुसरून खाली सही करणारा अर्जदार आपणास सविनय, परंतु ठामपणे कळवतो की,

१. अर्जदार पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी शाखेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाला आहे. एकतीस वर्षांत तीन बंद लिफाफ्यांतली कोटेशने आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता यांशिवाय अर्जदाराने खात्यात एक टाचणी येऊ दिली नाही. ही शिस्त घरातही चालू आहे. कूकरची नवी शिट्टी घेतानाही तक्ता केला होता व तो पाहावयास उपलब्ध आहे. अर्जदाराच्या पत्नीचे याबाबतचे मत वेगळे असून ते येथे नमूद करण्याजोगे नाही.

२. वडिलांच्या पश्चात एका घराची दोन घरे झाली आणि मधे साडेचार फुटांचा बोळ आला. पलीकडे अर्जदाराचे थोरले बंधू राहतात (यापुढे उल्लेख ‘समोरील पक्ष’). तीन वर्षांपूर्वी समोरील पक्षाने वरच्या मजल्यावर एसी बसवला व त्याच्या बाहेरच्या युनिटचे तोंड बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे केले. त्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर लोणी वाटीत राहिले नाही. खिडकीतली मिरचीची तीन रोपे आठवड्यात होरपळली. पत्नी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन भाजी फोडणीला टाकत असे. अर्जदाराने रीतसर लेखी विनंती केली असता समोरील पक्षाने त्या विनंतीच्याच पाठीवर ‘खिडकी बंद ठेव’ एवढे तीन शब्द लिहून कागद परत पाठवला. तारीख नाही, सही नाही. त्या दिवसापासून अर्जदाराने समोरील पक्षाशी बोलणे बंद केले आणि आमच्या घरात त्या घराचे नाव काढण्यास मनाई केली. आपल्या कार्यालयाकडे सात अर्ज केले, त्यांचे काय झाले हे आपण जाणताच.

३. तेव्हा उट्टे काढायचे तर स्वतःच काढावे लागणार, हे अर्जदाराच्या लक्षात आले. यंदा आमच्याकडे एसी घ्यायचे ठरले. पत्नीला वाटले, उकाड्यापायी घेतोय. अर्जदाराने तिचा गैरसमज दूर केला नाही. कोटेशन मागवताना अर्जदाराने स्वहस्ते अटी लिहिल्या. पहिली आठ कलमे सर्वसाधारण आहेत. नववे कलम पुढीलप्रमाणे :

‘कलम ९. बाहेरच्या युनिटमधून निघणारी गरम हवा समोरील घराच्या तळमजल्यावरील मधल्या खिडकीत, पडदा पूर्ण उचलला जाईल इतक्या जोराने, दुपारी दोन ते चार या वेळेत अखंड पोहोचली पाहिजे. या कलमात कोणालाही सूट मिळणार नाही.’

त्या खोलीत समोरील पक्ष दुपारी दोन ते चार वर्तमानपत्र वाचतो. चाळीस वर्षांची सवय आहे. अर्जदारास ते पान हातातून उडालेले पाहायचे होते. अर्जदार हे लपवू इच्छित नाही.

४. तीन कोटेशने आली. जेवणाच्या टेबलावर, पत्नीसमक्ष लिफाफे उघडण्यात आले. इतिवृत्तावर तिने ‘वाचले, पटले नाही’ असा शेरा मारून सही केली आहे. कोटेशन देणाऱ्यांची पत्नीने ठेवलेली नावे सोयीसाठी तशीच वापरत आहे.

पहिले ‘हो-हो’. या गृहस्थांनी दारात चप्पल काढायच्या आधीच हो म्हटले. खोली मोजली नाही, बोळात डोकावले नाही. कलम नऊ वाचून दाखवले तेव्हाही मोबाईलवर कोणाशी तरी बोलता बोलता हो-हो म्हणाले. यंत्र कोणते, असे विचारले तरी हो म्हणाले. दर सर्वांत कमी होता. खात्यात असतो तर अर्जदाराने अशा माणसाला काळ्या यादीत टाकले असते.

दुसरे ‘छातीठोक’. यांना कलम नऊ मनापासून आवडले. म्हणाले, “काका, दीड टनाच्या जागी दोन टनाचं घ्या. समोरचा महिन्याभरात खोली बदलेल, माझी गॅरंटी.” अशी लेखी गॅरंटी अर्जदाराने सबंध नोकरीत पाहिली नव्हती. ती त्यांनी शिक्क्यासह दिली. त्या रात्री अर्जदारास तीन वर्षांत प्रथमच शांत झोप लागली.

तिसऱ्या ‘वहीवाल्या बाई’. यांचा दर सर्वांत जास्त. मीटरपट्टी, पेन्सिल आणि जाड वही घेऊन आल्या, खोली चारही बाजूंनी मोजली, ऊन कुठल्या भिंतीवर किती वेळ असते ते विचारले. कलम नऊ दोनदा वाचले आणि म्हणाल्या की बोळ अरुंद आहे, गरम हवा समोर आपटून पुन्हा आपल्याच यंत्रात शिरेल, तुमची खोली थंड होणार नाही. अर्जदाराने सांगितले की खोली थंड होणे ही अट कलम नऊमध्ये नाही. यावर त्यांनी वही मिटली. मग, पलीकडून अंतर मोजल्याशिवाय मी कोटेशन देत नाही, असे म्हणून त्या सरळ समोरच्या घरी गेल्या. त्यांना अडवण्याचा अधिकार अर्जदारास नव्हता.

५. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. समोरील पक्षाचा एसी जानेवारीपासून बंद होता. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिलच्या उन्हातही तो गुरगुरला नाही. अर्जदार रोज बोळात जाऊन खात्री करीत असे. अर्जदाराच्या कोटेशनांची बातमी पोहोचली असून समोरील पक्षाने धसका घेतला आहे, असा अर्थ अर्जदाराने लावला व डायरीत तसे लिहिले. त्या दिवशी अर्जदाराने दोन कप चहा जास्त घेतला.

वहीवाल्या बाईंच्या कोटेशनच्या शेरा रकान्यात पुढील मजकूर आहे. तो शब्दशः देत आहे : ‘खिडकीला लागून पलंग आहे. पलंगावर एक गृहस्थ आहेत, उजवी बाजू हलत नाही. जिना चढता येत नसल्याने जानेवारीपासून खाली आणले आहे. वरचा एसी त्यामुळे बंद. खोलीत पंखा आहे. युनिट येथे बसवू नये.’

हा शेरा अर्जदाराने टेबलावर मोठ्याने वाचला. पत्नीने मान वर केली नाही. तेव्हा कळले की तिला सर्व माहीत होते. अर्जदार जानेवारीत मुलीकडे तीन आठवडे गेला असता समोर रुग्णवाहिका येऊन गेली. तेव्हापासून पत्नी रोज संध्याकाळी वहिनीच्या मदतीला जाते आणि आपण फिरायला जातो असे सांगते. का सांगितले नाहीस, असे विचारता ती म्हणाली, “नाव काढायचं नाही असा तुमचाच हुकूम होता ना? लेखी होता. फ्रिजवर लावलाय.” तो कागद खरोखरच फ्रिजवर आहे. अर्जदाराच्या कोणत्याही आदेशाचे इतके काटेकोर पालन आजवर झालेले नव्हते.

६. आता आपल्या संदर्भ क्रमांक दोनच्या पत्राकडे वळतो. समोरील पक्ष ना हरकत पत्र कदापि देणार नाही अशी अर्जदाराची खात्री होती. किंबहुना तोच आधार होता. त्यांनी नकार द्यायचा, अर्जदाराने अपील करायचे, सुनावणीत खिडकी बंद ठेवण्याचा तो कागद सर्वांसमोर वाचायचा, असे ठरले होते. अपिलाचा अकरा पानी मसुदा तयार आहे.

परंतु वहीवाल्या बाईंच्या वहीत ना हरकत पत्राचा कोरा नमुना टाचलेला होता. समोरील पक्षाने तो मागून घेतला आणि डाव्या हाताने सही केली. सोबत जे बोलले ते बाईंनी शेऱ्यात उतरवले आहे. ‘बोलणे अस्पष्ट, दोनदा विचारून घेतले’ असेही लिहिले आहे. समोरील पक्ष म्हणाला, “तीन वर्षांत त्याच्याकडून पहिल्यांदाच काहीतरी येतंय. येऊ दे.”

महोदय, याला काय म्हणायचे? माणसाने तीन वर्षे दात-ओठ खाऊन तयारी करायची आणि समोरच्याने आडवे पडल्या पडल्या एका वाक्यात सगळी मोडून काढायची. हा शुद्ध कावेबाजपणा आहे. लहानपणी कॅरम खेळतानाही ते असेच करत. अर्जदार हरायला आला की मुद्दाम सोंगटी चुकवत आणि वर जिंकल्याबद्दल पाठ थोपटत. अर्जदार तेव्हाही संतापत असे. आजारी माणसाच्या अंगावर गरम हवा सोडून मिळणारा विजय अर्जदारास नको आहे. सूड घ्यायचा तर समोरचा धडधाकट पाहिजे, भांडायला उभा राहिलेला पाहिजे.

७. सबब, विनंती की :

(अ) संदर्भ क्रमांक एकचा अर्ज मंजूर करू नये. नामंजूरही करू नये. तो प्रलंबित ठेवावा. आपल्या कार्यालयास यासाठी वेगळे कष्ट पडतील असे वाटत नाही.

(आ) ना हरकत पत्र ग्राह्य धरू नये, कारण सही डाव्या हाताची आहे. समोरील पक्षाची उजव्या हाताची सही अर्जदार चांगली ओळखतो. सातवीत अर्जदार दोन विषयांत नापास झाला, तेव्हा प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या नावाने त्यांनीच ती केली होती आणि शेवटपर्यंत घरात कळू दिले नाही. अर्जदारास ना हरकत नको, हरकत हवी आहे. समोरील पक्षाने स्वतःच्या पायांनी बोळ ओलांडून अर्जदाराच्या दारात यावे आणि उजव्या हाताने, खणखणीत अक्षरात नकार लिहून द्यावा. तो हाती पडताच अर्जदार त्याच दिवशी अपील दाखल करील. अर्जदारास घाई नाही.

(इ) तूर्त कलम नऊ स्थगित करून वहीवाल्या बाईंचे कोटेशन स्वीकारले आहे. बाहेरचे युनिट गच्चीवर, रस्त्याकडे तोंड करून बसेल. सर्वांत जास्त दराचे कोटेशन स्वीकारण्याची अर्जदाराची ही पहिलीच वेळ असून तक्त्यात कारण म्हणून ‘इतर’ असे लिहिले आहे.

(ई) मात्र युनिटचा लोखंडी स्टँड मूळ ठरलेल्या जागी, आमच्या भिंतीवर, समोरील मधल्या खिडकीच्या बरोबर पुढे ठोकून ठेवण्याची परवानगी मिळावी. त्यावर काही बसवले जाणार नाही. तो रिकामा राहील. पलंगावरून तो दिसतो, हे अर्जदाराने काल स्वतः त्या खोलीत जाऊन, पलंगाच्या उंचीला बसून तपासले आहे. हिशेब मिटलेला नाही, हे समोरील पक्षास सकाळी डोळे उघडताच कळले पाहिजे. लवकर उठून भांडायला यायचे आहे, हेही.

आपला नम्र, आणि अद्याप न निवळलेला,
(सही)
अर्जदार, बोळाच्या अलीकडचे घर
दिनांक : २६ एप्रिल

सोबत जोडले आहे :
१) तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता, पत्नीच्या शेऱ्यासह.
२) दोन टनाच्या यंत्राची छातीठोक लेखी गॅरंटी (रद्द).
३) अकरा पानी अपिलाचा मसुदा. वाचून परत करावा, पुढे लागणार आहे.
४) ना हरकत पत्राची झेरॉक्स. मूळ पत्र मागू नये. त्यावर दादाची सही आहे, ते मी माझ्याजवळ ठेवले आहे.