हजला निघताना मागितलेली माफी

७८६
पौड, २ मे २०२५

प्रिय नाजनीनआपास,
धाकट्या शहाबाजचा सलाम, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या भावाला शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच पत्र लिहावं लागतंय. अक्षराला हसू नकोस. दाजी अतीकभाई बरे आहेत ना? नांद्यात आता शेतांपेक्षा इमारतीच जास्त, तुमचं घर मला सापडेल की नाही याचीच शंका येते.

अम्मी अकरा तारखेला मामांबरोबर हजला निघतेय. रोज कुणी ना कुणी भेटायला येतं. रिवाजाप्रमाणे तीही सगळ्यांची माफी मागतेय. ज्यांच्याशी इतकी वर्षं अबोला होता, त्या कासार आंबोलीच्या रंभाबाईंकडेसुद्धा जाऊन आली. राहिलीस फक्त तू. ज्याला दुखावलं त्यानं माफ केल्याशिवाय अल्लाहही माफ करत नाही, हे मी तुला काय सांगू?

आपा, पुण्याच्या डॉक्टरांनी तिला व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे असं सांगितलं. राग आला की तिला स्वतःला थांबवताच येत नाही. आजारी माणसाला काय बोल लावायचा? एक ओळ लिहून पाठव, मी तिला वाचून दाखवीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
शहाबाज

नांदे, ५ मे

लाडक्या शहाबाजला,
आपाचा सलाम आणि दुवा.

अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत. फोन उचलत नाही, कारण तुझ्यामागून तिचा आवाज येतो.

सहावीत मला बक्षीस मिळालं, ते मी आधी चाचीला दाखवलं. अम्मीनं तापलेलं उलथणं माझ्या मानेवर टेकवलं. तू तेव्हा पाळण्यात होतास. नंतर मलाच मांडीवर घेऊन रडली, की तू मला सोडून जाशील. मी तिचे डोळे पुसले. माझं लग्न होईपर्यंत हेच चाललं.

आजार असेल. तिच्या जिवाची तगमग मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिली आहे. पण तिच्या हातात काही नव्हतंच, तर माझी माफी कशाला हवी? आणि माफी हवी असेल, तर आपण काय केलं हे तिला ठाऊक आहे. आजाराची सूट आणि माफी, दोन्ही एकदम माझ्याकडे मागू नका. काय केलं ते तिनं एकदा स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग मी पौडला येऊन तिच्या गळ्यात पडेन, खरंच. नाहीतर नाही.

उन्हात टोपी घालून फिर. दोन घास वेळेवर खात जा.
तुझी,
आपा

पौड, ११ मे

प्रिय आपास,
सलाम.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली की पोरीला पयल्यापासून खोटं बोलायची खोड हाय, गरम भांडं लागलं असंल. मला वाटलं, हा आजारच बोलतोय. पत्राची घडी घालून ठेवली.

आज सकाळी गाडी दाराशी आली. अर्धं पौड जमलं होतं. अम्मीच्या गळ्यात हार होते. मामांनी तुझं विचारलं, तर ती डोळे पुसत म्हणाली की नाजनीननं माफ केलंय, काल फोन आलता, लई रडली पोरगी. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणालो की फोन आला न्हाई, आन् आपानं माफ केलेलं न्हाई.

तिनं माझ्यावर हात उगारला. मी डोळे गच्च मिटून घेतले. काहीच झालं नाही. उघडून बघतो तर ती जमलेल्या लोकांकडे पाहत होती. मग तो हात तिनं सावकाश खाली घेतला, गळ्यातले हार नीट केले आणि गाडीत बसली.

तिला थांबता येतं, आपा.

तुझ्याकडे माफी मी आता मागणार नाही. माझ्यावरचा जीव तेवढा राहू दे.
तुझाच,
शहाबाज