गोऱ्या माऊलीची नेमणूक

रेल्वे क्वार्टर्स, गार्डन रीच, कलकत्ता
ता. २० जून १९५४

ती. भालचंद्रदादांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे प्रभुकृपेने सगळे ठीक. आशा इथल्या मुलींत राहून अर्धी बंगाली झाली आहे. परवा मला म्हणाली, की आई, मी पाणी खाते.

वर ‘सा. न.’ लिहिलं आहे ते शेवटचं समजा. साष्टांग नमस्कार कॅथलिक नव्हे, असं आमच्या चर्चच्या धर्मग्रामात ठरायच्या बेतात आहे. हे मरियावर्ष म्हणून सगळीकडे जपमाळा, मिरवणुका चालल्या आहेत. आमच्याकडे मात्र समिती निघाली. मोठे फादर छातीच्या दुखण्यामुळे कर्सियांगला हवापालटाला गेले, आणि धाकटे फादर बेल्जमहून नुकतेच आलेले, ते कशालाही मान हलवतात. तेवढ्यात ‘अस्सल कॅथलिक परंपरा रक्षण समिती’ उभी राहिली. अध्यक्ष मिस्टर डिरोझारियो, अँग्लो-इंडियन, गोदीतून निवृत्त झालेले, उन्हाळ्यातही कोट घालणारे. आणि चिटणीस कोण म्हणाल तर तुमचे मेव्हणे. यांनी हॅट घेतली आहे. सही ‘एस. स्टीफन साळवे’ अशी करतात, आणि मी बाप्तिस्म्यातलं फिलोमिना हे नाव रोज वापरावं असा आग्रह आहे. मी म्हटलं, की हाक मारून बघा, मला ऐकू आलं तर येईन.

ठराव झाले ते असे. नाताळात शंख नको, बंगाली बायका तोंडाने काढतात तो उलूचा मंगलध्वनी नको. झेंडूच्या माळा नकोत. चटयांवर बसायचं नाही, बाकांवर बसायचं. चपला बाहेर काढायच्या नाहीत, पायांत बूट घालूनच आत यायचं. ताग गिरणीतले निम्मे लोक अनवाणी येतात, त्यांनी काय घालून यावं हे ठरावात नाही.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण आता आमच्या माऊलीवर आलं आहे. मागे तुम्हांला लिहिलंच होतं, की आमची मरियामाता लाकडाची, काळीसावळी, बाळाला कडेवर घेतलेली. गोदीतल्या एका सुताराने फार पूर्वी कोरली. सणाला कुणीतरी तिला नवसाची साडी देतं, मी ती नेसवते, आणि उतरवलेली साडी गरीब घरच्या नवरीला जाते. ह्या धर्मग्रामातल्या कितीतरी पोरी तिच्या साडीत लग्नाला उभ्या राहिल्या. तिच्या निऱ्या माझ्याइतक्या चोख कुणाच्या होत नाहीत, हा माझा गर्व आहे, तो मी पापनिवेदनातही सांगते. समिती म्हणते, साडीतली मरिया ही देवी दिसते, ती हलवावी. दादा, ती गेली तर ह्या शहरात माझं म्हणावं असं काही उरत नाही. मला काय करावं ते कळवा.

लोभ आहे तो तसाच राहू द्यावा, कारण इथे तो ठरावाने मिळतो.
तुमची,
प्रेमलता


संगमनेर
ता. ४ जुलै १९५४

चि. प्रेमलतेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती गुडघा विसरून हसली. सदाशिवरावांच्या हॅटचं माप कळव, इथे शाळेच्या नाटकात साहेबाचं काम आहे.

आपल्या लहानपणी जर्मन फादर आले होते, ते तुला आठवत नसेल. चर्चच्या दारात नारळ फोडणं बंद, असं त्यांनी पहिल्या रविवारी सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांचा घोडा आजारी पडला, तेव्हा त्यांनीच हळूच विचारलं, की नारळ लागतो तो शेंडीसकट की सोललेला. तेव्हा समित्यांना फार भिऊ नकोस.

नवऱ्याशी मात्र भांडू नकोस. त्यांच्या गावात त्यांच्या वडिलांना चावडीच्या पायरीखाली उभं राहून बोलावं लागे, हे मला ठाऊक आहे. अशा माणसाला कुणी साहेबाने शेजारची खुर्ची दिली, की खुर्ची कशासाठी दिली हे तो लगेच विचारत नाही. थोडा वेळ बसू दे त्यांना. तू एवढंच पाहा, की माऊली डोळ्यांआड होऊ नये.

आशाला सांग, पाणी प्यायचं असतं. पत्र पाठवीत जा, नाहीतर इथे दोघांच्या जेवणाला चव राहत नाही.
तुझा,
दादा


गार्डन रीच
ता. १८ ऑगस्ट १९५४

रा. रा. भालचंद्रराव यांसी,
स. न. वि. वि.

आपल्या भगिनीने आपणांस एकतर्फी मजकूर कळविला असल्याचे समजल्यावरून खुलासा करणे भाग आहे. आमच्या समितीचा कोणावरही राग नाही. आम्हांस फक्त अस्सल काय आणि भेसळ काय हे ठरवावयाचे आहे, आणि ते ठरविण्यासाठी मि. डिरोझारियो यांच्यासारखा अधिकारी पुरुष लाभला हे भाग्य होय. बैठकीत ते मला त्यांच्या उजव्या हाताला बसवितात.

कळविण्यास आनंद होतो की परवाच्या १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, नव्या मूर्तीची स्थापना झाली. जमीनदारी जाणार या धास्तीने येथील मोठमोठे जमीनदार आपल्या बागांतील सामान विकीत आहेत. रसेल स्ट्रीटवरील एका लिलावघरात आम्हांस शुद्ध इटालियन संगमरवराची माता व बालक अशी जोडी मिळाली. वाहतुकीची व्यवस्था मी रेल्वेमार्फत केली. मूर्ती इतकी गोरी आहे की मेणबत्तीची गरज भासत नाही.

बारीकसारीक शंका निघाल्या, त्यांचे निरसन अध्यक्षांनी जागच्या जागी केले. मातेच्या हाती सफरचंद आहे. एव्हेने सफरचंद खाऊन पाप केले, मरिया ही नवी एव्हा, तिने ते न खाता हातात धरून ठेवले आहे. बालकाच्या छातीवरून एक पट्टा गेला आहे, तो शाळेच्या दप्तराचा असावा. त्याच्या पाठीवर दोन तुटके खुंट आहेत, ते झग्याच्या चुण्यांचे अवशेष होत. मातेचा एक खांदा व थोडा पुढील भाग उघडा असल्याने आपल्या भगिनीकडे एखादे वस्त्र मागितले. तिने समितीच्या ठरावात साडीला मनाई असल्याचे निदर्शनास आणून दिले. अखेर अध्यक्षांच्या दिवाणखान्यातील लेसचा पडदा वापरण्यात आला.

जुनी लाकडी मूर्ती आशीर्वादित असल्याने नियमाप्रमाणे तिचे भूमीत विसर्जन करावयाचे आहे. ते काम समितीने माझ्याकडे सोपविले असून ते प्रगतिपथावर आहे.

सौ. वहिनींस नमस्कार. गैरसमज नसावा, लोभ असल्यास कळवावा.
आपला,
एस. स्टीफन साळवे


संगमनेर
ता. २७ ऑगस्ट १९५४

चि. प्रेमलतेस,
अ. उ. आ.

सदाशिवरावांचं पत्र मिळालं. ते वाचून मी शाळेच्या कपाटातून रोमन लोकांच्या इतिहासाचं चित्रांचं पुस्तक काढलं. हातात सफरचंद, खांदा उघडा, शेजारी पंखांचं पोर आणि त्याच्या छातीवर बाणांच्या भात्याचा पट्टा, अशा बाईंचं चित्र त्यात आहे. प्रेमे, ही मरिया नव्हे. ही व्हीनस, रोमन लोकांची प्रेमदेवी, आणि ते पोर म्हणजे तिचा क्युपिड. काळी माऊली देवीसारखी दिसते म्हणून काढली, आणि तिच्या जागी खरोखरीची देवी आणून तुम्ही तिच्यासमोर जपमाळ म्हणता आहात.

हे तू कुणाला सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते बायकी द्वेष ठरेल आणि मी सांगितलं तर सासरच्यांचा. मोठे फादर येईपर्यंत दम धर. दरम्यान विसर्जनाची प्रगती कळव, मला त्याच प्रगतीची काळजी आहे.

घरच्यांची माया तुझ्या पाठीशी आहे.
दादा


गार्डन रीच
ता. १४ नोव्हेंबर १९५४

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

उशीर झाला, माफी असावी. एवढ्या दिवसांत घरात इतकी माणसं होती की कागद उघडायला जागा नव्हती.

माऊली आमच्या स्वयंपाकघरात आहे. यांनी तिला गोणपाटात गुंडाळून आणली आणि रविवारी पुरतो म्हणाले. कुदळ आणली. मग माती ओली आहे म्हणाले, पुढे माती कडक आहे म्हणाले, आणि मग कुदळच कुणाला तरी देऊन टाकली. मागे आशा तापाने फणफणली होती तेव्हा हेच माऊलीच्या पायाशी बसून राहिले होते. मी आठवण करून दिली नाही, त्यांना आठवत होतं. एके दिवशी पाहते तो गोणपाट काढलेलं आणि हे तिच्या नाकावरची धूळ रुमालाने पुसत होते, हॅट घालूनच.

कुठून बातमी फुटली देव जाणे. आधी गिरणीतल्या बायका आल्या, मग त्यांचे नवरे. आता संध्याकाळची जपमाळ आमच्याकडेच असते. जिन्यापर्यंत चपलांचा ढीग होतो. शेजारच्या चक्रवर्तीबाई आधी तक्रार करायला आल्या, आता शंख घेऊन येतात. समितीचे ठराव चर्चपुरते आहेत, स्वयंपाकघराबद्दल त्यांत काही नाही, असा निर्वाळा चिटणीसांनीच दिला.

मागल्या आठवड्यात मोठे फादर कर्सियांगहून परतले. सरळ चर्चमध्ये गेले, मूर्तीसमोर उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा उभे राहिले. मग त्यांनी लेसचा पडदा दोन बोटांनी जरा उचलला आणि लगेच सोडला. म्हणाले, की ह्या बाईंना मी विद्यार्थी असताना रोमच्या संग्रहालयात भेटलो आहे, तेव्हा त्यांच्या अंगावर याहून कमी होतं. धाकट्या फादरांनी सवयीने मान हलवली.

समितीची तातडीची बैठक झाली. चूक झाली असं कुणी म्हणेना. मिस्टर डिरोझारियोंनी मांडलं, की रोममध्ये जुन्या देवळांची चर्चेस झाली, तर ह्या मूर्तीलाही बाप्तिस्मा देऊन मरिया करून घ्यावं, म्हणजे संगमरवर वाया जाणार नाही. फादर शांतपणे म्हणाले, की धर्मांतराला स्वतःची संमती लागते, ती बाईंकडून लेखी आणा. यावर हे मोठ्याने हसले. समितीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं, आणि अध्यक्षांनी यांना उजव्या बाजूच्या खुर्चीवरून उठवलं. घरी येऊन बूट काढले. मग म्हणाले, की प्रेमलता, चहा कर. किती महिन्यांनी नाव ऐकलं.

व्हीनसबाई आता फादरांच्या बागेत आहेत, पडद्यासकट. माऊली ८ डिसेंबरला, मरियावर्ष संपताना, मिरवणुकीने परत जायची आहे.

वहिनींना नमस्कार. तुमची आठवण रोज निघते, तशी आमची काढावी.
प्रेमलता


गार्डन रीच
ता. ९ डिसेंबर १९५४

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

माऊली काल आपल्या जागी गेली. शंख वाजले, झेंडू उधळला, यांनी तिला खांद्यावर घेतलं. हे सगळं आनंदाचं आहे, पण मला तुम्हांला वेगळंच सांगायचं आहे.

काल दुपारी, मिरवणुकीआधी, मी तिला साडी नेसवायला घेतली होती, आणि दारात मिस्टर डिरोझारियो उभे. मला वाटलं, नवा ठराव घेऊन आले. त्यांनी जिन्यावर बसून बुटांचे बंद सोडले, बूट बाहेर ठेवले आणि आत येऊन फरशीवर बसले. कोट तसाच. यांनी खुर्ची पुढे केली, तर नको म्हणाले.

त्यांची मुलगी जावयाबरोबर कधीच समुद्रापलीकडे गोऱ्यांच्या देशात गेली, हे तुम्हांला लिहिलं नव्हतं. मागे राहिलेल्या ह्या नवराबायकोनेही तिकडे जाण्यासाठी अर्ज केला होता. घरातलं सामानही विकायला काढलं होतं. तो लेसचा पडदा चर्चला इतक्या सहज का मिळाला ते मला काल कळलं. मुलाखतीत त्या देशाच्या इथल्या कचेरीतल्या साहेबाने मिस्टर डिरोझारियोंच्या कागदांपेक्षा चेहऱ्याकडेच जास्त वेळ पाहिलं. आपल्या गोऱ्या आजोबांचा उंच हॅटमधला फोटो त्यांनी दाखवला. साहेबाने आजीचा मागितला. आजी कृष्णनगरची बंगाली, तिचा फोटो कुणी काढूनच ठेवला नव्हता. परवा उत्तर आलं, की अर्जदार दिसण्यात पुरेसे युरोपीय नाहीत. बायकोला अजून सांगितलेलं नाही, म्हणाले.

दादा, सहा महिने मी ह्या माणसावर मनातल्या मनात हसले, तुम्हांलाही हसवलं. काल मला फार वाईट वाटलं. मी टाचण्यांची डबी त्यांच्या हातात दिली. मी निऱ्या घालत होते आणि ते एकेक टाचणी पुढे करत होते. हे भिंतीपाशी उभे राहून हॅट हातांत फिरवत होते.

पदर लावून झाला. मिस्टर डिरोझारियोंनी माऊलीच्या काळ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, की मिसेस साळवे, त्या कचेरीत हिलाही त्यांनी नाकारलं असतं.

इकडील सर्वांवर तुमचा लोभ आहेच, त्यात डिरोझारियोंकडची आणखी दोन माणसं धरावीत.
तुमची,
प्रेमलता