मी सोनोग्राफीला कशाला गेले होते

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्याबाई,
सूनबाईचा मानाचा जय भीम.

मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? अपेक्षा नीट जेवते का? वरणात लिंबू पिळून दिलं की दोन घास जास्त खाते. कापूस वेचायला जाताना तिला उन्हात नेऊ नका.

हे फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. उचललात तरी तुमचा स्पीकर कायम चालू आणि अर्धी गल्ली ऐकायला. म्हणून पत्र. पौर्णिमेला विहारात तुम्ही खणखणीत आवाजात ग्रंथ वाचता, तसं मात्र हे वाचू नका. मनातल्या मनात वाचा.

तुमच्या शेजारच्या आशाबाई लेकीला सातव्या महिन्यात तपासायला इथं घेऊन आल्या होत्या. सोनोग्राफीच्या रांगेत मी त्यांना दिसले. संध्याकाळी तुमचा फोन. "माझा राजकुमार जाऊन दोन वर्सं झाली. तू त्या दवाखान्यात कशाला गेलतीस? आन् पोर माझ्याकडं करमाडला का धाडली, ते बी कळलं आता मला." मी तोंड उघडायच्या आत फोन बंद.

राग आला. लई राग आला, खोटं कशाला सांगू? आपल्याकडं सोनोग्राफी म्हणजे पोटातलं लेकरू, दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिथल्या भिंतीवर पाटीसुद्धा तीच, गर्भलिंग निदान केले जात नाही. तरी मी तुम्हाला उलट फोन करून भांडले नाही. भांडले असते तर खरं सांगावं लागलं असतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

लिहिते आता. माझ्या उजव्या स्तनात गाठ झाली होती.

कातडी लाल, गरम, आणि ठणका असा की ब्लाउजचं कापड सहन होईना. एरंडाची पानं शेकून बांधली, शेंद्र्याच्या कंपनीत कामावर तशीच उभी राहिले. कुणाला दाखवायचं आणि काय म्हणून दाखवायचं? अपेक्षा झोपेत छातीवर डोकं टाकायची आणि मी तिला ढकलून द्यायची. मग ती रडायची, मीही रडायची.

शेवटी गेले. तपासणाऱ्या मोनाली मॅडम तरुण आहेत, पण हात हलका. गार जेल लावून त्या यंत्र असं फिरवायच्या की दुखायच्या आधीच थांबायच्या. मी म्हटलं, "मॅडम, कॅन्सरच हाय ना? सांगून टाका एकदाचं."

त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडं वळवला. "हे काळं दिसतंय ना, हा पू आहे. मी दाबते, बघा, आत हलतोय. मला तरी ही सूज दिसतेय. पण नुसतं बघून तुम्हाला घरी पाठवणार नाही मी. सुईनं तुकडा काढून तपासायला देऊ."

पडद्यावर बघत बघतच त्यांनी पू ओढून घेतला आणि तुकडाही काढला. ठणका त्याच दिवशी निम्मा झाला. रिपोर्ट यायचा होता तोवर मात्र मला अन्न गोड लागलं नाही.

काल आला. कॅन्सर नाही. टीबीही नाही. एका जातीची सूज आहे, दूध पाजलेल्या बायकांना पुढं काही वर्षांत कधी कधी होते. का होते ते डॉक्टरांनाही नीट माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "चिवट आहे, वेळ घेईल, पण बरी होईल." काही महिने गोळ्या, अधूनमधून पुन्हा सोनोग्राफी. आशाबाईंना आत्ताच सांगून ठेवा, मी तिथं परत दिसणार आहे!

अजून एक आहे. तेही लिहूनच टाकते.

अपेक्षाची पिशवी तुम्ही उघडलीत तेव्हा त्यात स्वेटर होता, कानटोपी होती, तिला पुढच्या वर्षी होतील असे फ्रॉकही होते. तुम्हाला वाटलं, पोरीची ब्याद टाळून ही दुसरा संसार मांडायला निघाली. आत्याबाई, पुढच्या वर्षी मी असेन असं मला वाटतच नव्हतं. लेकरानं माझे हाल बघू नयेत आणि तिला तुमची सवय व्हावी, म्हणून मी तिला कायमची पाठवली होती. तुमच्यावर कितीही चिडले तरी तिला द्यायला दुसरं माणूस मला सुचलं नाही.

रविवारी येते. दार लावून घेतलंत तर ओट्यावर बसेन, पण हलणार नाही.

मरणार म्हणून तिला तुमच्या ओटीत घातली होती. आता मी जगणार आहे. माझी पोर मला परत द्या, आणि तिच्यासोबत तुम्हीही या.

अजून रागात असलेली, तरी तुमचीच,
विशाखा