चंद्रप्रभा टॉकीज पाडू देणार नाही

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

चंद्रप्रभा टॉकीज पाडणार! मेनरोडच्या फाटकावर नोटीस लागलीय. त्या जागी मॉल. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवा.

आहे. हरकत आहे!

६ फेब्रुवारी

एकदा लिहूनच टाकते. मी नऊ वर्षांची होते. बाबा चंद्रप्रभात प्रोजेक्टर ऑपरेटर, बावीस वर्षं. मशीन दुरुस्त करा म्हणून सहा महिने मालकाच्या, खंडेराव शेठच्या, मागे लागले होते. शेठ ऐकेनात. एका रविवारी भर शोमध्ये फिल्म जळाली. पब्लिकने खुर्च्या मोडल्या. शेठने बाबांना खाली बोलावलं आणि फाटकात, सगळ्यांसमोर, थोबाडीत मारली. "पुंजाराम, तुमच्या लोकांच्या हातात मशीन द्यायलाच नको होतं."

मी आईचा हात धरून बघत होते.

मग बाबा सातपूरला वॉचमन. सव्वीस वर्षं झाली, मेनरोडला फिरकले नाहीत.

मला त्या टॉकीजचं काडीचं प्रेम नाही. पण ती उभी राहील — शेठच्या छातीवर!

२१ फेब्रुवारी

शाळेतले माझे तास संपवून पंचवटीत अंबूबाईंकडे गेले. चंद्रप्रभात बायकांच्या खिडकीवर तिकिटं द्यायच्या त्या. ट्रंकेतून फोटो काढला — १९३१, नाटकाचा प्रयोग. "आधी इथं नाटकं व्हायची गं. तो सागवानी रंगमंच पडद्यामागं तसाच हाय. कोणाला ठावं नाय."

शेठ, आता बघा.

४ मार्च

हरकत दाखल केली. फोटो जोडला. सह्या चारशे बारा.

१८ मार्च

वारसा समितीपुढे सुनावणी. शेठ काठी टेकत आले. सासरचं आडनाव — मला ओळखलं नाही.

"मॅडम, त्या पडक्या इमारतीत तुम्हाला काय दिसतं?"

"शहराचा इतिहास," मी म्हणाले. समितीने माना डोलावल्या.

खोटं. मला फक्त ते फाटक दिसत होतं.

१२ जून

जिंकले! चंद्रप्रभा वारसा यादीत. दर्शनी भिंत, रंगमंच, मशीनची खोली — कशालाच हात लावता येणार नाही. बिल्डर पळाला. शेठ म्हणे दोन दिवस जेवले नाहीत.

मी दोन वेळा जेवले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. काय सांगू, कसं सांगू — सुचत नाही.

१६ जून, रविवार

दोन दिवस बाबांकडे राहायला आलेय. दार उघडलं तर शेठ! मला बघून गडबडले. "तुम्ही... पुंजारामची मुलगी?"

"हो."

"आहे का तो? टॉकीज आता ठेवायचीच आहे, तर वरचं मशीन सुरू करावं म्हणतो. त्याच्याशिवाय कोणाला जमणार नाही. आणि त्याच्याशी... बोलायचंही आहे."

"आमच्या लोकांच्या हातात मशीन द्यायचं नव्हतं ना?"

मान खाली घातली त्यांनी. चपला शोधायला वेळ लागला. मी मदत केली नाही. याच क्षणासाठी सव्वीस वर्षं थांबले होते! बाबा घरी नाहीत, असं सांगून दार लावलं.

बाबा आतच होते.

१७ जून

बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कुठे, विचारलं. "मेनरोडला." मी दारात आडवी उभी राहिले. काय काय बोलले, आठवत नाही. त्यांनी मला हळूच बाजूला केलं.

"थोबाडीत मला मारली होती, पोरी. माफ करायचं की नाही, ते मला ठरवू दे की."