मायच्या पुड्यातले शब्द

ऊर्जानगर,
१९ ऑगस्ट १९८६

चि. श्रीहरी यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तार मिळालीच असेल. तारेत काही मावत नाही म्हणून हे पत्र. माय गुरुवारी दुपारी इथल्या दवाखान्यातच गेली. ताप डोक्यात चढला होता, मग उतरलाच नाही. आगारात विचारलं तर आलापल्लीच्या पुढे नाल्यांना पूर आहे, गाडी जात नाही असं म्हणाले. तिला तिकडे आणता येईना, तुझी वाट पाहता येईना. यांनी आणि यांच्या वीज केंद्राच्या स्टोअरमधल्या माणसांनी इरई नदीवर सगळं उरकलं. उरकलं असं लिहिलं खरं, पण दुसरा शब्द सुचत नाही.

मी रडले नाही. शेजारणी येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी त्यांना चहा करून देते. एकीला दोनदा दिला, तिनेही दोन्ही वेळा घेतला. मला काहीच होत नाही याची लाज वाटायला पाहिजे, तीही वाटत नाही.

काळजी धाकटीची, रुखमाची आहे. तू दिवसभर शिवणाचं मशीन मारणार, तिच्याकडे कोण पाहील? रस्ता मोकळा झाला की तिला इकडे घेऊन ये. पण एक अडचण आहे. तिसऱ्या वर्षी तापाने ती बहिरी झाली, तेव्हापासून माय आणि ती, दोघींनी मिळून हातवाऱ्यांची ती भाषा केली. ती भाषा जगात दुसऱ्या कोणाचीच नाही, आपल्याच घरची. मी लग्न होऊन आले आणि बरीचशी विसरले. यांना तर चहा आणि जेवण सोडून काही येत नाही. हे म्हणतात, स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला तिची मांडणी असते, म्हणून अंधारातही सापडते, तसे रुखमाचे शब्द लावून ठेवू. खाण्यापिण्याचे एकीकडे, अंगावरचे एकीकडे, दुखण्याखुपण्याचे, माणसांचे, जनावरांचे, कामाचे. तू तेवढे जमवून पाठव. तिला मायचं कसं सांगितलंस तेही कळव.

हातातली कामं तशीच टाकून देऊ नकोस, जेवत जा. माया रुखमावर आधी ठेव, उरली तर माझ्यावर.

तुझी,
सत्यशीलाबाई


एटापल्ली,
२९ ऑगस्ट १९८६

ती. बाईस,
श्रीहरीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मले तुह्यासारखं शुद्ध लिहिता येत नाई. बोलतो तसं लिहून राह्यलो, भाऊजीनं हसू नये.

तार पोष्टमननं मशिनीवर आणून देली. वाचली, घडी केली, दराजात ठेवली. हातात शाळेचा सदरा होता, त्याच्या काजा पुऱ्या केल्या. गिऱ्हाईक येऊन घेऊन बी गेलं. मंग ध्यानात आलं का आपली माय मेली. रडू आलं नाई. मी तिचं तोंड पाह्यलं नाई, आग पाह्यली नाई. एका कागदावर विसवास कसा ठेवाचा?

रुखमाले सांगतलं नाई. काऊन नाई सांगतलं म्हणून ओरडू नको, शब्दच नाई. कोंबडी कापली तर ती मान मुरगळल्यावानी हात करते. तेच मायसाठी करू का? एकडाव हात उचलला बी होता, खाली आणला. बाबा गेले तवा मायनं तिचा हात धरला अन् बाबाच्या छातीवर ठेवून देला. तिले समजलं, शब्दाची गरजच पडली नाई. आता मी तिचा हात कुठी ठेवू?

मायले बसनं नेलं होतं, म्हणून ती रोज दुपारी बसथांब्यावर जाऊन बसते. नाल्यावर पाणी हाये, गाडी येत नाई, म्हणून माय येत नाई, एवढंच तिच्या डोक्यात हाये. पाणी उतरलं का माह्यी पंचाईत. मले त्या दिवसाचं भेव वाटते.

भाऊजीच्या मांडण्या सुरू केल्या. सदऱ्याच्या खोक्याचे पुठ्ठे कापले, एकेकावर एकेक चित्र काढलं, मागं हात कसा करते ते लिहिलं. मीठ म्हणजे बोटाचं टोक जिभेले लावून झटकणं. ताप म्हणजे उलटा पंजा गळ्याखाली. विहीर म्हणजे दोर ओढणं. मी म्हणजे दोरा ओला करून सुईत घालणं. तू म्हणजे केसाच्या दोन येण्या ओढणं. माय म्हणजे डाव्या हातावरच्या गोंदणावर दोन बोटं. अन् भाऊजी म्हणजे दोन्ही हातानं प्यांट वर सरकवणं. लगनापासून हेच नाव हाये त्यायचं, आपण सांगतलं नाई एवढंच.

पोलीस माणसात घालू का भेवात? तो पुठ्ठा काढून मीच विचारात पडलो. भाऊजीले विचारून कळव. ल्याहाचं बाकी पुढच्यात. रागावली तरी लोभ तोडू नको.

तुहा,
श्रीहरी


ऊर्जानगर,
८ सप्टेंबर १९८६

चि. श्रीहरी यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

पॅण्टचं वाचून हे हसले. मायनंतर घरात कोणी हसलं ते पहिल्यांदा. मग आरशापुढे जाऊन उभे राहिले आणि पट्टा एक भोक आवळला. माझ्याकडे बघून म्हणाले, पोरीची नजर बरी आहे.

तुझे शब्द आले तसे आम्ही लावले. पोलीस भीतीत घातला. पोटात कालवतं हा शब्द दुखण्यात घालायचा की मनात, यावरून आमचं भांडण झालं. यांच्या स्टोअरमध्ये कुठेच न बसणाऱ्या वस्तूंसाठी किरकोळ अशी एक मांडणी असते. कालवणं तिथे टाकलं. हे मायचं गोंदणसुद्धा तिथे ठेवायला निघाले, कारण माणसांची मांडणी भरली होती. मी म्हटलं, माझी माय किरकोळात जाणार नाही. तेवढ्यावर मी दिवसभर बोलले नाही. तेवढंच काय ते मला वाटलं म्हणायचं.

मरणासाठी यांनी एक रिकामी जागा ठेवली आहे. ती रिकामीच आहे. झोप दाखवू नकोस, बिचारी झोपायला घाबरेल. गावाला गेली असंही दाखवू नकोस, जन्मभर थांब्यावर बसेल. काय दाखवायचं ते मलाही येत नाही, मोठी असून. पण सांग, आणि गाडी सुरू व्हायच्या आत सांग. चार दिवसांचं टाळणं तुला फार महाग पडेल.

मायचं गाठोडं माझ्याने ठेववत नाही. त्यात तिचं लुगडं, चष्मा, चपला आहेत. मी त्याला शिवत नाही आणि त्याच्या बाजूने जातही नाही, पलीकडून फिरून जाते. आपले मुश्ताकभाऊ कंडक्टर एटापल्लीच्या गाडीवरच आहेत. रस्ता उघडला की त्यांच्याजवळ देते. तू हे पत्र वाचून तिला सांगून मोकळा हो, मग गाठोडं येईल.

जीव लावून राहा. आपण दोघंच आता तिच्या मागे.

तुझी,
सत्यशीलाबाई


एटापल्ली,
२१ सप्टेंबर १९८६

ती. बाईस,
श्रीहरीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुहं पत्र आज आलं. गाठोडं आठ दिवसाआधीच आलं. पाणी उतरलं, पयली गाडी आली, टपालाची थैली अहेरीलेच राह्यली अन् मुश्ताकभाऊ गाठोडं घेऊन उतरला. थांब्यावर रुखमा उभी. त्याले वाटलं घरचीच पोरगी हाये, घरी जाचंच हाये, म्हणून तिच्याच हातात देलं. चांगल्या मनानं देलं. त्याले दोष नाई, तुले बी नाई. मी सांगाले पाह्यजे होतं अन् मी सदरे शिवत बसलो.

मी दुकानातून पाह्यलं तवा ती येऊन राह्यली होती. पळत नाई, रडत नाई. वसरीत बसली, गाठ सोडली, चपला काढल्या. तळव्याचा ठसा उठला हाये ना अंगठ्याकडं, तिथी हात ठेवला. लय येळ तसाच ठेवला. मंग माह्याकडं पाह्यलं. मी हो म्हणून मान हलवली. एवढंच सांगणं झालं, बाई. मायनं बाबाच्या येळेले केलं ते तिनं आपल्या आपणच केलं, मले काई करावं लागलं नाई. मी पाणी पेलो अन् मशिनीवर जाऊन बसलो. सुईत दोरा जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं माहे पुठ्ठे काढले. खाण्याचे, दुखण्याचे, जनावराचे असे गठ्ठे मी बांधले होते, ते सारे सोडले. आपण तेंदूच्या दिवसात फळीवर, पानं मोजून घेतात तिथी, पानाचे पुडे मांडतो ना, एका घराची एक ओळ, दुसऱ्याचा पुडा आपल्या ओळीत येऊ द्याचा नाई? तसं तिनं मांडलं. शब्द कशाचा हाये ते नाई, कोण म्हणते ते पाह्यलं. माही ओळ, तुही ओळ, भाऊजीच्या ओळीत चहा अन् जेवण. मीठ मायच्या ओळीत, कारण मीठ आण म्हणून तिले मायच सांगे. ताप मायचा. विहीर मायची. येणी घालणं, दटावणं, जवळ येऊन झोप म्हणणं, सारं मायचं. सालीच्या दोरीनं पुडा बांधला तर मुठीत मावेना. माहा पुडा एवढासा. इतके वर्स एका घरात राहून मी तिच्यासंग किती कमी बोललो ते मले तवा दिसलं. लाज वाटली.

मंग तिनं मायचा पुडा सोडला अन् वाटणी केली. बाबा गेले तवा मायनं अंगणात बाबाच्या वस्तू तिघायच्या पुढ्यात मांडल्या होत्या, तसं एकेक पुठ्ठा खाली ठेवत गेली. मीठ, विहीर, कोंबडी, चूल मले. ताप भाऊजीले, दवाखाना त्यायच्या गावाले हाये म्हणून असंन. तुह्या पुढ्यात, म्हणजे तुही चटई टाकून त्याच्यावर, येणी, दटावणं अन् जवळ येऊन झोप. गोंदणाचा पुठ्ठा उरला. तो तिनं कोणालेच देला नाई, आपल्या पोलक्यात ठेवला.

मले वाटलं खेळ हाये. पण नाई. मी मीठ दाखवलं तर लगेच आणून देते. रात झाली, ती वसरीतच बसून होती, म्हणून मी झोप म्हणून हात केला, तर माहा हात धरून खाली केला. जोर लावून. दुसऱ्या दिवशी शेजारची ठमाकाकू कंगवा घेऊन आली, तर तिले बी हात लावू देला नाई. केसाचा पार गुंता झाला हाये, बसल्या बसल्याच डुलक्या घेते. ते शब्द तुह्या वाट्याले गेले, दुसऱ्या कोणी म्हणाचे नाई.

तुह्या वाट्याचे पुठ्ठे तिनंच मुश्ताकभाऊच्या हातात देले. या पत्रासंग पोचतीन. तिले घेऊन ये म्हणतेस, पण ती गाडीत चढन असं मले वाटत नाई. काय कराचं ते तू सांग. मले काई सुचून नाई राह्यलं.

कमीजास्त लिहिलं असंन तर पोटात घाल.

तुहा,
श्रीहरी


ऊर्जानगर,
२९ सप्टेंबर १९८६

चि. श्रीहरी यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

पुठ्ठे मिळाले. मुश्ताकभाऊंनी खाकी सदऱ्याच्या खिशात घालून आणले, दुमडू दिले नाहीत. चहा घेऊन जा म्हटलं तर नको म्हणाले, आणि दारातून परत फिरून, मला माहीत नव्हतं बाई, असं म्हणाले. मी म्हटलं, मलाही नव्हतं.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. वाटणीपर्यंत आले आणि पत्र माझ्या हातात दिलं, पुढचं मी वाचलं. ताप आपल्या वाट्याला आला म्हणून हे दवाखान्याची वेळ विचारून आले आहेत, आजारी कोणी नसताना. आम्ही लावलेल्या शब्दांच्या मांडण्या सगळ्या काढून टाकल्या.

मी वेणीचा पुठ्ठा घेऊन आरशापुढे बसले. माझेच केस सोडले आणि घालायला लागले. माय आधी तेलाची बोटं मानेवर पुसायची, ते आठवलं आणि मग मला थांबता येईना. यांनी दार लोटून घेतलं. पदर ओला झाला, पोलकं ओलं झालं, शेजारीण आली होती ती तशीच परत गेली. मायला नेलं त्या दिवसापासूनचं सगळं निघालं. आता डोकं दुखतं आहे, पण बरं आहे.

जवळ येऊन झोप म्हणताना माय कोणत्या गालावर हात ठेवायची ते मला आठवत नाही. तू लिहून पाठवू नकोस, रुखमा दुरुस्त करेल.

तिला आणू नकोस. मीच येते, गुरुवारच्या गाडीने; हे पत्र त्याआधी मुश्ताकभाऊ आणून देतील. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. हे म्हणतात मी माझा भात शिजवून खाईन, तू जा. कच्चाच खातील, खाऊ देत. रुखमाला दोन वेण्या ओढून दाखव आणि थांब्यावर पाठव. म्हणावं, या वेळी गाडीतून माणूस उतरणार आहे.

बाकी माया भेटल्यावर, हाताने.

तुम्हा दोघांची,
सत्यशीलाबाई