आबांच्या फोटोवरची चाल

३ जानेवारी १९९६, बुधवार
कंपनीने यंदाही डायरी दिली. यंदा रोज लिहायची. संकल्प एकच: रोज पहाटे एक तास पेटी. पहाटे म्हणजे साडेसहा. आज पेटी माळ्यावरून उतरवून पुसण्यातच सव्वासात झाले, मग तळोज्याची कंपनी बस. उद्यापासून नक्की.

आमच्या नेरूळच्या हौशी वादक मंडळाने स्पर्धा ठेवली आहे. प्रत्येकाने एक फोटो आणायचा आणि त्या फोटोवरून सुचलेली स्वतःची चाल वाजवायची. फोटो मोठा करून स्टेजवर ठेवणार. २४ फेब्रुवारी, शाळेचा हॉल. बाकीची मंडळी वर्षभर सिनेमाची गाणी घोटतात, त्यांची आता तंतरेल. स्वतःचं असं काही फक्त माझ्याकडे आहे. ते अजून बाहेर आलेलं नाही एवढंच.

६ जानेवारी
सुभाष येऊन गेला. वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा, पण तबल्यावर हात बरा. म्हणाला सारसोळेच्या खाडीचा फोटो घेऊ, होडी, मावळता सूर्य. मी म्हटलं, सगळे सूर्यच आणणार, स्टेजवर उकडेल.

आणि संध्याकाळी ट्रंकेत सापडला! आबांचा फोटो. गावातल्या शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसलेत, हातात कापड, आणि नजर वर करून थेट आपल्याकडे. काय डोळे! अंगावर काटा आला. ठरलं. आबा, म्हणजे माझे वडील ज्योतिबा, यांच्यावर चाल. बापावर आजपर्यंत कुणी चाल केली असेल असं मला वाटत नाही. जयमालाला दाखवला. ती म्हणाली, आबांना फोन कधी केला होता शेवटचा? बायकांना कलेत हे असले फाटे फोडायची सवय असते.

९ जानेवारी
योगायोग बघा. आबाच आले! चुलतभाऊ धनाजीचा टेम्पो साताऱ्याकडून भाजी घेऊन वाशीला येतो, त्यातून. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. सुईत दोरा जात नाही म्हणाले, गिऱ्हाइकं तुटली. इथे डॉक्टर चांगले आणि मुलगाही इथेच, म्हणून आले. मी म्हटलं आबा, काही टेन्शन घेऊ नका, याच आठवड्यात दाखवू. फार बरं वाटलं त्यांना. मलाही बरं वाटलं. आपल्या हातून वडिलांची सेवा घडतेय.

झोपायची सोय हॉलमध्ये. पेटीही हॉलमध्येच आहे. बघू.

१४ जानेवारी
या आठवड्यात डॉक्टर जमलं नाही. काल वेळ मिळाली होती, पण सुभाषला कालच सुट्टी, मग तालीम ठेवावी लागली. ऑफिसातला पाटील म्हणतो मोतीबिंदू पिकावा लागतो, कच्चा काढला तर वांधे होतात. म्हणजे घाई न केली तेच बरं झालं. आबांना समजावून सांगितलं. पिकू दे म्हणाले. समजूतदार माणूस.

चालही पिकावीच लागते. अजून सुरुवातीचे चार सूर सोडून काही नाही.

१७ जानेवारी
अडचण कळली! फोटो पेटीवर ठेवून डोळे मिटतो, सूर येणार एवढ्यात समोर खरे आबा खाकरतात. फोटोतले आबा तेजस्वी. हॉलमधले आबा बनियनवर, भिंत चाचपडत मोरीकडे जाणार. दोन्ही एकदम डोळ्यासमोर असले की कल्पनाशक्तीचा गोंधळ होतो. आबांची खुर्ची गॅलरीत हलवली. हवा चांगली आहे तिथे. जयमाला म्हणाली थंडी आहे. मी माझा जुना स्वेटर दिला, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

आबांनी विचारलं काय चाललंय. मी म्हटलं सरप्राइज, तुमच्यासाठीच आहे. खूश झाले. नंतर पाणी प्यायला उठलो तर गॅलरीच्या काचेला कान लावून बसले होते. मी पडदा ओढला. अर्धवट चाल कुणी ऐकू नये.

२६ जानेवारी
झेंडावंदन. आबांना खाली नेलं, जिलबी दिली आणि सेक्रेटरीशी स्टेजच्या लायटिंगबद्दल बोलत होतो. मागे बघतो तर आबा नाहीत. आमच्या वसाहतीतल्या सगळ्या बिल्डिंगी एकसारख्या, सगळ्यांना तोच पिवळा रंग. आबा बी-सातऐवजी बी-नऊमध्ये गेले, दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या दारातून आत शिरले आणि सोफ्यावर बसले. तिथल्या बाईंनी पाहुणे समजून चहाही दिला. आबांनी चहा पिऊन त्यांनाच विचारलं, जयमाला कुठं गेली? अर्ध्या तासाने त्या घेऊन आल्या. मला म्हणाल्या, अहो, यांना दिसत नाही. मी म्हटलं, बिल्डिंगींवर नंबर ठळक हवेत, सोसायटीत अर्ज देतो.

संकल्प: रोज संध्याकाळी आबांना हात धरून फिरवायचं. आज तालीम आहे, उद्यापासून.

३ फेब्रुवारी
काल जयमालाच आबांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणे, पिकायची वाट कशाला बघत होता, उशीरच झालाय. ऑपरेशनची तारीख दिली. कोणती? २४ फेब्रुवारी! डॉक्टरांना मंडळाचा कार्यक्रम माहीत नसणार, पण तरी. पुढची तारीख विचारली तर ते महिनाभर परदेशात.

रात्रभर विचार केला. चाल आबांवर. फोटो आबांचा. त्या दिवशी आबा हॉलमध्ये हवेत, त्यांच्यासाठीच तर हे सगळं. आणि एक महिन्याने असं काय बिघडणार आहे? सकाळी आबांना सांगितलं.  ते म्हणाले, तुझा कारेक्रम हाय ना, मग ऱ्हाऊ दे. मी म्हटलंच होतं, समजूतदार.

जयमाला बोलत नाही.

१५ फेब्रुवारी
चाल झाली! शेवटाला सगळे सूर एकेक करून मंद होतात आणि मशीन थांबतं. वाजवताना माझंच मन भरून आलं. सुभाष म्हणाला, शेवट जरा मेल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, त्याला करुण रस म्हणतात.

फोटो मोठा करून फ्रेम करून आणला. दीड बाय दोन फूट, काळी जाड पट्टी. भारदस्त दिसतो. आबांना दाखवायला गॅलरीत नेला. त्यांनी काचेवरून बोटं फिरवली आणि विचारलं, खिडकी आणलीस का? मी म्हटलं सरप्राइज. जयमाला शेवटी बोलली: ज्या माणसावर चाल करताय, तो तिथे गॅलरीत बसलाय, दोन शब्द बोला त्याच्याशी. तिला सुरांचा कान नाही. लग्न ठरवताना हे विचारायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे मलाही नीट कळेल.

काल फ्रेम हॉलवर पोचवली आणि पेटी सुरात आहे का बघायला मागे गेलो. मंडळाच्या प्रियदर्शिनी मॅडम निवेदन करत होत्या. मागे येऊन हळूच त्यांनी विचारलं, कधी? मला वाटलं माझा नंबर कधी असं विचारतायत. मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पडदा उघडला. आबांच्या फोटोला झेंडूचा जाड हार. समोर समई. उदबत्ती. म्हाताऱ्या माणसाचा एवढा मोठा फोटो काळ्या फ्रेममध्ये बघून पोरांनी सवयीने सगळं करून टाकलं असणार, त्यांचीही चूक नाही. मॅडम माइकवर म्हणाल्या, "नंदकिशोरजींवर काय आघात झालाय ते या फोटोवरून आपल्याला कळतंच आहे. आपण दोन मिनिटं उभे राहू या."

मी बोलणारच होतो. खरंच. तोंड उघडलं होतं. पण सगळा हॉल उभा राहिला, परीक्षकांतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या, आणि माझ्या मनात आलं की आता माइक हातात घेतला तर रसभंग होईल. कार्यक्रम झाल्यावर खुलासा करू. सुभाष तबल्यामागून माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घालून भाता ओढला.

चाल अप्रतिम झाली. शेवटाला हुंदके ऐकू आले. पहिला नंबर! खुलासा राहिला. लोक येऊन हात हातात घेत होते, तेव्हा कसं सांगणार? सुभाष तबला बांधून तडक निघून गेला. असूया.

आबा शेवटच्या ओळीत जयमालाशेजारी बसले होते. जयमालाने नंतर सांगितलं, सगळे उठले तसे तेही उठले. टोपी काढली. फोटोकडे हात जोडून उभे राहिले दोन मिनिटं.

घरी येताना रिक्षात म्हणाले, "कोण गेलं म्हनायचं? तुला आघात झाला म्हनं."

जयमाला बाहेर बघत होती. मी म्हटलं, माझे गुरू होते.

"मला बोलला न्हाईस. गुरू म्हंजी बापच की रं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, घर येईपर्यंत.

झोप नीट लागली नाही. जागरण आणि उत्साह, दुसरं काही नाही. आज आबांना शांतपणे सगळं समजावून सांगायचं. नाश्ता झाल्यावर.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
नाश्त्याच्या आधीच झालं. मी अंघोळीला होतो. बेल वाजली, आबांनी दार उघडलं. प्रियदर्शिनी मॅडम, डबा घेऊन. पिठलं-भात. मयताच्या घरी चूल पेटलेली नसते, म्हणून. सेक्टर अठरातून चालत आल्या होत्या, बिचाऱ्या.

आबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, शेजारपाजार चांगला आहे म्हणाले. मॅडमनी विचारलं, तुम्ही त्यांचे भाऊ का? आबांनी विचारलं, कुनाचं? मॅडम म्हणाल्या, नंदकिशोरजींच्या वडिलांचे. हे सगळं मला नंतर जयमालाने सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, मध्ये पडली नाही. हे मी विसरणार नाही.

मी टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा मॅडम चपला घालत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी आबांना सगळं सांगितलं. हार, पोरं, गैरसमज, रसभंग. आबांनी ऐकून घेतलं. मग एकदम हसायला लागले. "म्हंजी मी माझ्यासाठनीच हुबा ऱ्हायलो व्हय?" इतके हसले की ठसका लागला. माझ्या जिवात जीव आला. मीही हसलो. मग ते थांबले, मी थोडा उशिरा थांबलो.

त्यांनी विचारलं, हार तुला दिसला होता का? मी म्हटलं हो, पण वेळच मिळाला नाही. त्यांनी मान हलवली. डबा उघडला, ताट मागून घेतलं आणि पिठलं-भात जेवायला बसले. मला म्हणाले, "बस. मयताघरचं हाय, टाकू न्हाई."

मी बसलो.  मला आतून फार वाईट वाटतंय, हे इथे लिहून ठेवतो, कारण सांगायला कुणी नाही.

२६ फेब्रुवारी
रजा टाकली. आबांना म्हटलं, दुसरा डॉक्टर बघू, आजच जाऊ, आत्ता. म्हणाले ऱ्हाऊ दे. मार्केटला माल उतरवून धनाजीचा टेम्पो रिकामा परत जातो, त्यात पुढे बसून गेले. मी हात धरून चढवायला गेलो तर धनाजीने आधीच चढवलं होतं. जयमाला रडली. मी टेम्पो सुटल्यावर हात हलवला. त्यांना दिसला नसणार.

४ मार्च
मंडळाकडून निरोप. पहिला नंबर काढून घेतलाय. मंडळाचा राजीनामा देणार होतो, पण मॅडमनी आधीच नाव कमी केलंय. सुभाषने फोन उचलला, "गाळ्यावर गर्दी आहे" म्हणाला. गर्दीचा आवाज येत नव्हता.

संकल्प: दर रविवारी आबांना फोन.

१० मार्च
फोन लागला नाही.

१७ मार्च
लावला नाही. काय बोलायचं ते आधी ठरवायला हवं.

३१ मार्च, रविवार
आज आबांचाच फोन आला. माझ्या थोरल्या बहिणीकडून, वेणूआक्काकडून, साताऱ्याहून. आक्काने त्यांचं ऑपरेशन करून घेतलं, गेल्याच आठवड्यात. तिने मला कळवलं नव्हतं. एका डोळ्याची पट्टी सुटली. आवाज खणखणीत होता. दोरा ओवला म्हणाले, पहिल्या झटक्यात. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.

मी म्हटलं आबा, आता इकडे या, चाल ऐकवतो, फक्त तुम्हाला, हॉलमध्ये बसून. ते म्हणाले बघू. मी म्हटलं मग मीच येतो, पेटी घेऊन, पुढच्या रविवारी.  ते म्हणाले, धनाजी परवा मार्केटला येतोय, त्याच्याजवळ तो फोटो तेवढा दे. मग पलीकडे आक्काला सांगितलेलं ऐकू आलं, लई झकास मोठा केलाय म्हनं.

मला भरून आलं. मी म्हटलं, देतो आबा, भिंतीवर लावणार का?

"न्हाई रं, आत्ता कशाला. ट्रंकेत ठिवतो. लागंल तवा तुला येळ असंल, नसंल."

फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली. सुतळी सापडली नाही, तर जयमालाने तिच्या जुन्या साडीची पट्टी फाडून दिली. गाठ तिनेच मारली.