शनिवारची गोळी

सौंसर, दि. १२ नोव्हेंबर २०२४

ति. शांताताईस,
प्रवीणचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रविवारी तुझ्याकडून निघालो तो दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. तू दिलेली संत्री दीपालीनं बसमध्येच अर्धी संपवली, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटायचा प्रश्न मिटला.

भाऊजींची दाढी कशी चालू आहे ते सविस्तर कळव. मी मागच्या वर्षी ते वापरून फेकायचं प्लॅस्टिकचं रेझर सोडलं. ब्रश, साबणाची वाटी आणि जुन्या पद्धतीचं जड रेझर घेतलं. तेव्हापासून गळ्यावरचे फोड गेले. शाळेतल्या तीन मास्तरांना नाद लावला, रामाकोना गावी माझ्या सासऱ्यांना लावला. बोरगावचा माझा मित्र गौतम तर आता मलाच शिकवतो. दीपाली म्हणते, लोक पाहुणे म्हणून जाताना मिठाई नेतात, तुम्ही दाढीचं सामान नेता.

पण रविवारी भाऊजींना तसाच दाढीचा सेट देताना धाकधूक होती. नगरपालिकेतून निवृत्त झाले, उन्हाळ्यात हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून माणूस गप्पच झाला. त्या दिवशी अंगणात गालावर फेस फिरवताना ते हसले, ते तुझ्या लक्षात आलं का? त्यांना सांग, रेझर दाबायचं नाही, त्याच्या वजनानंच फिरू द्यायचं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा प्रवीण

पांढुर्णा, दि. २६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रवीणले,
ताईचा जयभीम आणि दीपालीसह दोघांले अनेक आशीर्वाद.

हे सकाळी सातपासून आरशापुढं असतात. कोमट पाणी मीच द्यायचं, आणि ब्रश भिजत असताना कोणी मधात बोलायचं नाही. फेस करता करता गाणं म्हणून राहिले. सावरगावहून यांचे मित्र आले, तर त्यायलेही खुर्चीवर बसवून फेस फासला. तुले काय सांगू, सहा महिन्यांनी माह्या घरात माणसाचा आवाज आला.

एकच काळजी होती. जरासं कापलं की रक्त थांबत नव्हतं, ती रक्त पातळ करायची गोळी आहे ना. एकदा अर्धा तास तुरटी लावून बसले, बनियन भरली. मी म्हटलं, ते चार्जिंगचं मशीन घ्या, तर दोन दिवस रुसले. पण मागच्या आठवड्यात तुम्हा दोघांचं फोनवर बोलणं झालं, तवापासून रक्त येणं बंदच झालं. काय युक्ती सांगितली म्हणून विचारलं, तर म्हणतात, ते आम्हा साळ्या-भाटव्यातलं, मेहुण्या-मेहुण्यातलं आहे. मले तरी लिहून कळव.

थंडी पडली आहे, गाडीवर मफलर बांधत जा. माया असू दे.
तुझी ताई

सौंसर, दि. २२ डिसेंबर २०२४

ति. शांताताईस,
सप्रेम जयभीम.

भाऊजी नागपूरच्या दवाखान्यातून घरी आले, हे कळलं. तुझा फोन आता त्यांच्या उशाशी असतो आणि तेच उचलतात, म्हणून लिहून राहिलो. हे पत्र तू एकटी असताना वाच.

तू विचारलेली युक्ती मी कळवली नव्हती. भाऊजी फोनवर म्हणाले की रक्त थांबत नाही, आणि हे सुटलं तर पुन्हा दिवसभर भिंतीकडं पाहत बसायचं. मी म्हणालो, रविवारी दाढी करा आणि शनिवारची गोळी घेऊ नका, एका दिवसानं काय होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठं वाचलंही नव्हतं. मास्तर आहे, कोणी विचारलं की उत्तर द्यायचं एवढंच येते. मग तुझं पत्र आलं. ते रोज दाढी करतात हे त्यात स्पष्ट होतं, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. रक्त बंद झालं, हे दीपालीला वाचून दाखवताना मला अभिमान वाटत होता.

बारा तारखेला नागपूरला डॉक्टरांनी त्यांना विचारलं, गोळ्या चुकल्या होत्या का. ते नाही म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तू तिथंच होतीस, हातात त्यांच्या चपला धरून. आधीचा स्टेंट बंद कसा झाला हे डॉक्टरांना उमगत नव्हतं, मला उमगत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. दहा दिवसांपासून तोंडाला साबण लावावासा वाटत नाही. शाळेत विचारतात, तर तब्येतीचं कारण सांगतो.

तू काहीही बोल, मी ऐकेन. लोभ असावा असं लिहायचा हक्क राहिला नाही, तरी हात तिकडंच जातो.
तुझा प्रवीण

पांढुर्णा, दि. ५ जानेवारी २०२५

चि. प्रवीणले,
जयभीम.

तुझं पत्र आलं तवा माह्याजवळ चष्मा नव्हता. दवाखान्याच्या धावपळीत तो फुटला आणि नवा यायला वेळ लागला. म्हणून पाकीट यांनीच फोडलं आणि मले वाचून दाखवलं. पत्र छोटंसंच वाटलं. मी म्हटलं, पोरगा घाबरला आहे, थोडक्यात आटोपलं.

गुरुवारी चष्मा आला. चादर बदलताना गादीखाली तुझं पत्र सापडलं, ते मी हौसेनं पुन्हा वाचायला घेतलं. त्यानंतर दोन दिवस यांच्याशी बोलली नाही, आणि तुले तर मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. काल यांना विचारलं. म्हणाले, प्रवीणनं एक शनिवार सांगितला होता, बाकीचे दिवस माहे आहेत. तीन आठवडे एकही गोळी घेतली नाही म्हणे.

आता माहं ऐक. गोळ्या मीच आणते. नोव्हेंबरची शेवटची पट्टी डिसेंबर लागला तरी भरलेली होती, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि डबा बंद केला. आरशापुढं गाणं चालू होतं, ते मोडायचं जिवावर आलं. माहा राग गेला नाही, पण तो आता तुह्या एकट्यावर नाही.

चौदा तारखेला, मंगळवारी, नागपूरला तपासणी आहे. रजा टाकून ये. डॉक्टरले तिघं मिळून खरं सांगू. यांना मी विचारलं नाही, बजावलं. ते हो म्हणाले.

आणि एक. तू गोळीचं जे लिहिलं, ते सारं यांनी गाळलं होतं. त्या जागी कागदाकडं पाहत हे वाचत होते, की ताई, भाऊजींना सांग, एकही दिवस गोळी चुकवायची नाही, आणि तू समोर उभी राहून देत जा. मी मनात म्हटलं, किती शहाणा आहे माहा भाऊ. तवापासून रोज जेवण झालं की मी समोर उभी राहते, आणि हे गोळीसाठी हात पुढं करतात.

माया आहे, ती जपून ठेव.
तुझी ताई